अनंत संचांचे आकार आणि कंटिन्युअम हायपॉथेसिस: ऐरोलीहून आलेल्या तीन शंका

तुम्ही ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये काम करता, त्यामुळे पहिली शंका त्याच अंगाने आली आहे. सगळे दशांश अपूर्णांक छापणारा प्रोग्रॅम चार ओळींत लिहिता येतो, मग त्यांची यादी होऊ शकत नाही असं कसं म्हणायचं? दुसरी शंका: कर्णाच्या युक्तीने यादीतून सुटलेली एक संख्या सापडते हे ठीक, पण मग ती यादीत घालून टाका, विषय संपला. आणि तिसरी: कंटिन्युअम हायपॉथेसिस (नैसर्गिक संख्या आणि सगळे दशांश यांच्या मधल्या आकाराचा संच नाही हे विधान) सिद्धही होत नाही, खोटंही ठरत नाही, म्हणजे गणितवाल्यांना ते अजून जमलेलं नाही, की हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा मामला आहे? ‘मॅडम, शेवटी खरं काय ते सांगा,’ असंही तुम्ही लिहिलं आहे.

पहिल्या दोन शंका ठाण्यात माझ्या एम.एस्सी.च्या वर्गात दर वर्षी ठरल्यासारख्या येतात आणि त्यांची उत्तरं पक्की आहेत. तिसरीवर जास्त वेळ घेणार आहे, कारण तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय चुकीचे आहेत.

आधी ‘सारख्याच आकाराचे’ म्हणजे काय ते ठरवू. गडकरी रंगायतनात प्रयोग हाऊसफुल्ल असेल, प्रत्येक खुर्चीत एकच माणूस असेल आणि कोणी उभं नसेल, तर खुर्च्या आणि प्रेक्षक सारखेच आहेत हे सांगायला दोन्हींपैकी काहीच मोजावं लागत नाही. जोड्या लागल्या की झालं. गणितज्ञ जॉर्ज कँटरने अनंत संचांनाही हीच कसोटी लावली: दोन संचांत एकास-एक संगती लागली तर ते सारखे. याचे परिणाम विचित्र दिसतात. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवलं होतं की १ ला १, २ ला ४, ३ ला ९ अशा जोड्या लावत गेलं तर वर्गसंख्या सगळ्या नैसर्गिक संख्यांइतक्याच भरतात, वास्तविक त्या त्यांचा एक तुकडा आहेत. त्याने निष्कर्ष काढला की लहान, मोठं, सारखं हे शब्द अनंताला लावूच नयेत. कँटरने ते लावले आणि जे निघेल ते पत्करलं.

ज्या संचाची पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी करता येते तो गणनीय. अपूर्णांक गणनीय आहेत: अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेले आधी घ्या, मग ३ असलेले, मग ४. प्रत्येक गटात मोजकेच अपूर्णांक, आणि कुठलाही अपूर्णांक कधी ना कधी येतोच.

आता तुमचा प्रोग्रॅम. तो आधी एक अंकी दशांश छापणार, ०.१ ते ०.९, मग दोन अंकी, ०.०१ पासून ०.९९ पर्यंत, मग तीन अंकी. चालू ठेवला तर ‘सगळे’ येतील असं वाटतं. मग मला एवढंच सांगा, १/३ कितव्या ओळीवर येतो? ०.३ येतो, ०.३३ येतो, ०.३३३ येतो, पण ज्याचे ३ कधीच थांबत नाहीत असा दशांश कुठल्याच ओळीवर नाही, कारण प्रत्येक ओळीवर मोजकेच अंक आहेत. तुमचा प्रोग्रॅम फक्त संपणारे दशांश छापतो, आणि ते गणनीय आहेत याबद्दल वादच नाही. १/३ च्या हवा तितका जवळ जाणं आणि १/३ यादीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दशांश चिन्हापुढचे अंक उलटे वाचून नैसर्गिक संख्या करा’ ही सूचनाही याच जागी अडते. ०.३३३… उलटं वाचलं की नैसर्गिक संख्या मिळत नाही, कारण नैसर्गिक संख्येला अंक मोजकेच असतात.

कर्णाची युक्ती प्रत्यक्ष अंकांवर करून पाहू. समजा कोणी यादी आणली आणि तिच्या पहिल्या पाच ओळी अशा आहेत:

०.१४१५९…
०.३३३३३…
०.७१८२८…
०.२५२५२५…
०.४१४२१…

पहिल्या ओळीचा पहिला अंक १, दुसरीचा दुसरा ३, तिसरीचा तिसरा ८, चौथीचा चौथा ५, पाचवीचा पाचवा १: हा यादीचा कर्ण. नियम असा: कर्णावर ५ असेल तर आपण ६ लिहायचे, नाहीतर ५. आपली संख्या झाली ०.५५५६५…, आणि पुढे असंच. ती पहिल्या ओळीपेक्षा पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात, दहा लाखाव्या ओळीपेक्षा दहा लाखाव्या अंकात. फक्त ५ आणि ६ वापरण्याचं कारण म्हणजे ०.४९९९… आणि ०.५००० ही एकाच संख्येची दोन रूपं आहेत. आपल्या संख्येत ० आणि ९ नाहीतच, त्यामुळे ती पळवाट बंद होते. पुष्कळ पुस्तकांत ही बारीक गोष्ट खाल्लेली असते.

‘ती संख्या यादीत घाला.’ घाला, पहिल्या क्रमांकावर घाला. जे तयार झालं तीही एक यादीच आहे, तिचा कर्ण काढला की आणखी एक संख्या बाहेर. तुमचा पुढचा विचार मला ऐकू येतो: असं अनंत वेळा करत गेलो तर? तर शेवटी जी यादी हातात येईल तिलाही कर्ण आहे. दावा एका विशिष्ट यादीबद्दल नाहीच. दावा असा की कुठलीही यादी आणा, ती अपुरी निघेल. वर्गातला एखादा चलाख विद्यार्थी इथे विचारतो, मग हीच युक्ती अपूर्णांकांच्या यादीवर चालवली तर तेही अगणनीय, म्हणजे यादीत न मावणारे, ठरतील की! ठरत नाहीत. त्या यादीवरून निघणारी संख्या यादीबाहेर असते हे खरं, पण ती अपूर्णांक असायला हवी ना? तिचे अंक पुनरावर्ती असण्याचं काही कारण नाही. उलट ती अपरिमेय आहे हेच त्यातून सिद्ध होतं.

कर्णाची युक्ती १८९१ ची. वास्तव संख्या, म्हणजे संपणाऱ्या-न संपणाऱ्या सगळ्या दशांशांच्या संख्या, अगणनीय आहेत हे कँटरला त्याच्या बरंच आधी, डिसेंबर १८७३ मध्ये कळलं होतं. त्याने ते गणितज्ञ डेडेकिंडला पत्राने कळवलं आणि १८७४ मध्ये छापलं, ती सिद्धता वेगळी होती. तुमच्या धंद्यातलं उपसूत्र असं: प्रोग्रॅम म्हणजे मोजक्या अक्षरांची माळ, म्हणून सगळे प्रोग्रॅम मिळूनही गणनीयच. म्हणजे बहुतेक वास्तव संख्या अशा आहेत की त्यांचे अंक छापणारा प्रोग्रॅम अस्तित्वातच नाही. π आणि √२ हे अपवादातले.

मग यापेक्षा मोठे संच? एका रेषाखंडापेक्षा चौरसात जास्त बिंदू असतील असं कोणालाही वाटेल. नाहीत. चौरसातल्या बिंदूच्या दोन निर्देशकांचे अंक एक याचा, एक त्याचा असे गुंफले की एकच दशांश मिळतो. १८७७ मध्ये कँटरने याबद्दल डेडेकिंडला लिहिलं, जर्मन पत्रात मध्येच फ्रेंचमध्ये: मला दिसतंय, पण माझा विश्वास बसत नाही. (गुंफण्यात ९ च्या शेपटीचा तोच घोळ होतो. तो डेडेकिंडने दाखवला आणि कँटरने सिद्धता बदलली.) मिती वाढवून आकार वाढत नाही. तो वाढतो सगळे उपसंच गोळा केले की: कुठल्याही संचाच्या उपसंचांचा संच त्या संचापेक्षा मोठाच असतो. त्यामुळे अनंताच्या आकारांची रांग कधी संपत नाही. सर्वांत लहान अलेफ-शून्य, म्हणजे नैसर्गिक संख्यांचा आकार. त्याच्या लगेच पुढचा अलेफ-एक, मग अलेफ-दोन.

इथे एक विषयांतर. ‘अनंत आपल्याकडे आधीच होतं’ असे मेसेज मला नेमाने येतात. जैन ग्रंथांत संख्यात, असंख्यात, अनंत आणि त्यांचे पोटभेद आहेत, हे कौतुकास्पद आहे. भास्कराचार्यांचा खहर राशी, म्हणजे शून्याने भागून येणारा, काहीही मिळवलं किंवा वजा केलं तरी बदलत नाही. ‘पूर्णस्य पूर्णमादाय’ तर सगळ्यांना पाठ असतं. पण संचांच्या हिशोबात अनंतातून अनंत काढल्यावर काय उरेल हे ठरलेलं नाही: नैसर्गिक संख्यांतून सम संख्या काढल्या तर अनंत उरतात, आणि ५ च्या पुढच्या सगळ्या काढल्या तर पाचच उरतात. जोड्या लावून आकार ठरवण्याची कल्पना कँटरची. ती तिथे शोधू नये.

आता मुख्य प्रश्न. १८७८ मध्ये कँटरने मांडलं: वास्तव संख्यांचा कुठलाही अनंत उपसंच घ्या, तो एकतर गणनीय असेल, नाहीतर सगळ्या वास्तव संख्यांइतका असेल, मधला आकार नाही. म्हणजे वास्तव संख्यांचा आकार नेमका अलेफ-एक. हेच कंटिन्युअम हायपॉथेसिस.

ते खोटं पाडायचं तर मधल्या आकाराचा एक संच दाखवायचा. करून बघा. ० ते ०.००१ हा तुकडा घेतला तर तो पूर्ण आकाराचा. अपरिमेय संख्या पूर्ण आकाराच्या. पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची मुळं गणनीय. ज्यांच्या दशांशात ७ कधीच येत नाही अशा संख्या पूर्ण आकाराच्या, जरी त्यांची एकूण लांबी शून्य असली तरी. काहीही घ्या, या टोकाला जातं किंवा त्या टोकाला.

हा योगायोग नाही, यामागे प्रमेय आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर. बंद संच घ्या, म्हणजे ज्याचे सीमाबिंदू त्याच्यातच असतात असा. तो अगणनीय असेल तर त्याचे एकमेकांना न शिवणारे दोन छोटे बंद तुकडे असे मिळतात की दोन्ही पुन्हा अगणनीय. त्यांतल्या प्रत्येकाचे आणखी दोन, आणखी छोटे. असं करत राहायचं. आता डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे असा एक न संपणारा रस्ता धरा. तुकडे लहान लहान होत एका बिंदूवर येतात, आणि संच बंद असल्यामुळे तो बिंदू संचातच असतो. दोन वेगळे रस्ते दोन वेगळ्या बिंदूंवर पोचतात. असे रस्ते किती? डावं-उजवं म्हणजे ०-१, म्हणजे सगळ्या वास्तव संख्यांइतके. झालं, संच पूर्ण आकाराचा. बंद संचांसाठी हे स्वतः कँटरने १८८० च्या दशकात मिळवलं. १९१६ मध्ये अलेक्झांड्रॉव्ह आणि हाउसडॉर्फ यांनी स्वतंत्रपणे ते सगळ्या बोरेल संचांपर्यंत नेलं, म्हणजे खुल्या आणि बंद संचांपासून गणनीय वेळा संयोग, छेद, पूरक घेत जे जे बांधता येतं त्या सगळ्यांपर्यंत. ॲनालिसिस शिकताना सहज हाताशी येणारे संच जवळपास सगळे यात बसतात. म्हणून मधला संच कधी भेटत नाही. तो असलाच तर नेहमीच्या बांधणीने न मिळणाऱ्या उपसंचांत आहे, आणि असे उपसंच नेमके किती हे सांगण्याइतकी आपली मूळ गृहीतकं म्हणजे अ‍ॅक्सिअम बोलकी नाहीत. सगळी अडचण इथे आहे.

गणितज्ञ हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसला मांडलेल्या प्रश्नांत हा पहिला होता. १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत क्योनिग या गणितज्ञाने कँटर चुकला असल्याची सिद्धता मांडली. त्याने आधार घेतलेलं दुसऱ्याचं एक विधान सर्वत्र लागू नसल्यामुळे ती कोसळली. पण त्यातून एक खरा निष्कर्ष उरला: वास्तव संख्यांचा आकार अलेफ-ओमेगा, म्हणजे अलेफ-शून्य, एक, दोन… या सगळ्यांच्या लगेच पुढचा, असू शकत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि कँटर याच प्रश्नाने वेडा झाला ही लोकप्रिय गोष्ट सोडून द्या. त्याला १८८४ पासून आजाराचे झटके येत होते, तो मनोविकार होता. गणिताने तो झाला याला आधार नाही.

आज गणिताचा पाया म्हणून आपण झेर्मेलो-फ्रँकेलची अ‍ॅक्सिअम आणि चॉइस अ‍ॅक्सिअम धरतो. १९३८ मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने दाखवलं की ही अ‍ॅक्सिअम विसंगत नसतील तर त्यांतून कंटिन्युअम हायपॉथेसिस खोटं पाडता येत नाही. त्याने संचांच्या विश्वाच्या आत एक बारकं विश्व बांधलं, ज्यात पायरी पायरीने व्याख्या करून मिळतात तेवढेच संच ठेवले. या काटकसरीच्या विश्वात सगळी अ‍ॅक्सिअम पाळली जातात, आणि वास्तव संख्या इतक्या कमी असतात की त्यांचा आकार अलेफ-एकच भरतो.

१९६३ मध्ये पॉल कोहेनने उलट बाजू केली आणि १९६६ मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं. त्याने विश्वात नव्या वास्तव संख्या भरल्या. एक एक नवी संख्या अशी घडवायची की कुठल्याही क्षणी तिचे मोजकेच अंक ठरलेले असतात, आणि जुन्या विश्वातून सांगता येईल अशा कुठल्याही नियमात ती अडकत नाही. अशा अलेफ-दोन इतक्या संख्या भरल्या. पण भरल्या म्हणजे काम झालं असं नाही. नव्या विश्वात नव्या संगतीही येतात. त्यांतली एखादी जुन्या अलेफ-दोनला खाली अलेफ-एकवर आणून बसवेल आणि सगळं मुसळ केरात. तसं होत नाही हे कोहेनने दाखवलं, कारण एकमेकींशी न जुळणाऱ्या अशा अर्धवट माहितीच्या अटी गणनीयच असतात, आणि त्यामुळे जुने आकार शाबूत राहतात. या पद्धतीला फोर्सिंग म्हणतात. तिने वास्तव संख्यांचा आकार अलेफ-दोन करता येतो, अलेफ-सतरा करता येतो. अलेफ-ओमेगा करता येत नाही, कारण तिथे क्योनिग आडवा येतो.

तेव्हा ‘अजून जमलेलं नाही’ हे चूक. या अ‍ॅक्सिअममधून उत्तर निघणार नाही हीच सिद्ध झालेली गोष्ट आहे, आणि उद्या कितीही हुशार माणूस जन्माला आला तरी त्यात बदल नाही. गोल्डबाखच्या अनुमानाशी ताडून पाहा: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे १७४२ पासून खरोखर सुटलेलं नाही. समजा उद्या कोणी दाखवलं की गोल्डबाखही सिद्ध होत नाही आणि खोटंही पाडता येत नाही. तर ते खरं आहे असा निर्णय त्याच क्षणी लागेल, कारण ते खोटं असतं तर एखादी सम संख्या तुमच्या संगणकाने तपासून दाखवली असती आणि ती तपासणीच खोटेपणाची सिद्धता झाली असती. कंटिन्युअम हायपॉथेसिसला अशी सोय नाही. तिथे अपवाद म्हणजे वास्तव संख्यांचा एक अख्खा संच. तो कुठल्या प्रोग्रॅमला तपासायला देणार?

यातूनच तुमच्या कामाचा एक दिलासा. हे हायपॉथेसिस धरून पूर्णांकांबद्दल जे काही सिद्ध होतं ते त्याच्याशिवायही होतं. तुमच्या कोडवर त्याचा परिणाम शून्य.

‘मर्जीचा मामला’ हेही मला पटत नाही. गोडेलला स्वतःला ते खोटं वाटत होतं. त्याचं म्हणणं, अ‍ॅक्सिअम अपुरी आहेत, नवी शोधा. त्या वाटेने बरंच काम झालं. १९८८ मध्ये फोरमन, मागिदोर आणि शेलाह यांनी मांडलेल्या एका बळकट अ‍ॅक्सिअममधून आकार नेमका अलेफ-दोन निघतो. २०२१ मध्ये आस्पेरो आणि शिंडलर यांनी त्याच कुळातल्या अ‍ॅक्सिअममधून वुडिनचं एक वेगळ्याच दिशेने आलेलं अ‍ॅक्सिअम सिद्ध होतं असं दाखवलं, आणि अलेफ-दोनचं पारडं थोडं जड झालं. दुसरीकडे, एके काळी विरुद्ध बाजूने बोलणारा वुडिन नंतर अशा कार्यक्रमाकडे वळला, जो यशस्वी झाला तर हायपॉथेसिस खरं ठरेल. हॅमकिन्ससारखे काही जण म्हणतात की अनेक विश्वं आहेत आणि कुठल्या विश्वात काय होतं हे कळलं, तेच उत्तर. माझा कल गोडेलकडे आहे. वास्तव संख्यांचे सगळे उपसंच असं म्हणताना आपल्या मनात काटकसर नसते, म्हणून काटकसरीच्या विश्वातला निकाल मला निर्णायक वाटत नाही. पण कल म्हणजे सिद्धता नव्हे, आणि परीक्षेत तुम्ही असं लिहिलंत तर मी गुण देणार नाही.

हे सगळं हवेतलं वाटत असेल तर एक खरंखुरं ॲनालिसिसचं उदाहरण देते. वेट्झेलचा प्रश्न असा: वैश्लेषिक फलांचा, म्हणजे संमिश्र प्रतलावर घातमालिकेने मांडता येणाऱ्या फलांचा, एक संच आहे, आणि कुठल्याही एका बिंदूवर त्यातली सगळी फलं मिळून गणनीयच किमती घेतात. मग तो संच गणनीय असलाच पाहिजे का? यात अलेफचा मागमूस नाही. एर्डिशने १९६४ मध्ये उत्तर दिलं: कंटिन्युअम हायपॉथेसिस खोटं असेल तर हो, खरं असेल तर नाही.

पहिली दिशा इथेच होते. समजा हायपॉथेसिस खोटं आहे आणि फलं अगणनीय आहेत. त्यांतली अलेफ-एक इतकी निवडा. दोन वेगळी वैश्लेषिक फलं फार तर गणनीय बिंदूंवर जुळतात. अलेफ-एक फलांच्या जोड्याही अलेफ-एकच, म्हणून कुठली तरी जोडी जिथे जुळते असे बिंदू एकूण फार तर अलेफ-एक. हायपॉथेसिस खोटं असल्याने प्रतलात बिंदू त्याहून जास्त आहेत. उरलेल्यांतला एक बिंदू घ्या: तिथे निवडलेल्या सगळ्या फलांच्या किमती वेगवेगळ्या, म्हणजे अगणनीय किमती. हा विरोधाभास.

दुसऱ्या दिशेला प्रतलातले बिंदू अलेफ-एकच्या क्रमाने लावा आणि फलं एकामागून एक बांधा, अशी की प्रत्येक नवं फल आधीच्या सगळ्या फलांपेक्षा वेगळं असेल, पण आतापर्यंत आलेल्या गणनीय बिंदूंवर आधीच ठरवलेल्या एका दाट गणनीय संचातल्याच किमती घेईल. घातमालिकेचे सहगुणक एकेक करून ठरवत जायचे. एका रविवारचं काम आहे. अडलं तर कुठल्या पायरीवर अडलं ते लिहून कळवा.